दवाखान्यानं सांगितलेला शेक

भागीरथाबाईची ओळख मला आधी नाकानं झाली, डोळ्यांनी नंतर. तांडापेठेत खोली शोधत फिरत होतो. एका बोळात शिरलो तर ओवा, बाळंतशेपा आणि जळक्या गोवरीचा असा दाट वास आला की मी दारातच थबकलो. आतून पन्नाशीची, उंच, हाडकुळी बाई बाहेर आली. मी सभ्यपणे म्हटलं, "घरात बाळंतीण असेल तर नंतर येतो."

"या घरात बाळंतीण कवा झाली नाही आन् होणार बी नाही," ती म्हणाली. "खोली पाह्यची हाय का वास घ्याचा हाय?"

मी खोली घेतली. वास खोलीबरोबर मिळाला.

मी रामटेकचा. तिथल्या शाळेत मराठीत चांगले मार्क पडले, म्हणून नागपुरात बिजली बोर्डात रोजंदारीवर मीटर वाचायला लागलो. माझं नाव भागीरथाबाईनं एकदाच विचारलं आणि त्याच दिवशी टाकून दिलं. तेव्हापासून मी 'मीटर'. "ए मीटर, चहा घेतो का गा?" "मीटर, मी बाहेर जातो, दार लोटून घे." आमच्याकडे बायाही 'जातो-येतो' असंच बोलतात, पुण्याकडच्या वाचकांनी छपाईची चूक समजून पेन्सिल काढू नये.

भागीरथाबाईचा धंदा शेकाचा. बस्तीत बाई बाळंत झाली की दुसऱ्या सकाळी ही हजर. आधी बाळाला पायावर घेऊन तेल, आंघोळ, मग आईला तिळाच्या तेलाची मालिश, आणि शेवटी शेक. सुतळीच्या बाजेवर आईला निजवायचं, वरून घोंगडी, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, शेपा, लसणाची सालं. धूर आणि ऊब सुतळीतून वर येते, बाई घामानं निथळते, हाडं सुटतात, गर्भपिशवी जागेवर बसते. सव्वा महिना हे रोज. कुठे किती निखारे, केव्हा राख लोटायची, हे तिच्या हाताला माहीत. शेक झाला की ती बाईच्या ओटीपोटावर तळवा ठेवायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "लागला." किंवा, "नाई लागला. उद्या कोळसे वाढवा लागते."

तिचा एक नियम होता. शेक चालू असताना बाईला एकटं सोडायचं नाही आणि गप्प बसायचं नाही. ती शेगडीपाशी उकिडवी बसून अखंड बोलायची. बोलायचे विषय दोन: एक त्या बाईची सासू, दुसरा स्वतःचा नवरा नत्थू. सासू घरात असेल तर नत्थू.

हा नत्थू रायपूरच्या रोडवर ट्रकवर क्लीनर होता. भागीरथाबाई चौदाव्या वर्षी त्याच्या घरी आली. तो महिन्यातून दोनदा घरी यायचा, बाकी रोडवर. रोडवर त्याचे संसार किती होते, हे ती बोटांवर मोजायची आणि बोटं संपली की हसायची. पुढं तो तिकडेच राहिला आणि तिकडेच मेला. मूल झालं नाही. सगळ्या बस्तीच्या बाया शेकणारी ही बाई स्वतः बाजेवर कधी निजली नाही.

दवाखान्यावर तिचा राग होता, त्यालाही कारण होतं. बस्तीत पोलिओचे थेंब द्यायला येणारी सिस्टर दर वेळी हिला फैलावर घ्यायची. "तुम्ही लोक धुरात पोरं कोंडता. खाटेखाली विस्तव ठेवता. उद्या कोणी भाजलं म्हणजे?" भागीरथाबाई शांतपणे म्हणायची, "तुही माय बी अशीच शेकली असन वं. म्हणून तं तू येवढी गरम हायेस." सगळ्या बाया हसायच्या. पण घरी आल्यावर ती गप्प असायची. शिकलेल्या माणसानं आपल्या कामाला काम म्हणावं, एवढंच तिला हवं असावं. ते कोणी म्हटलं नाही.

चौऱ्याऐंशी साली माघात शेजारच्या तुळसाबाईची सून प्रेमिला बाळंत झाली. पहिलटकरीण, कोराडीच्या कॉलनीत वाढलेली, दहावी पास, तोंडानं तिखट. शेक अर्थात भागीरथाबाईचाच. पुढची गोष्ट मला प्रेमिलानं फार नंतर सांगितली, तीही भिंतीकडे तोंड करून.

भागीरथाबाई शेगडी फुंकायला वाकली तेव्हा तिच्या लुगड्याला मागे डाग दिसला.

"मावशी, तुमचं तं बंद झालं ना?"

"कवाचंच."

"मग हे काय?"

"पान थुकलं असन कोणं."

"मागून?"

यावर भागीरथाबाईनं निखारे खालीवर केले. मग म्हणाली, तुह्या सासूले सांगू नको. दिवाळीपासून अंगावरून जाऊन राहिलं. कधी लाल, कधी पाण्यासारखं, वास मारते. कंबर तुटते. वाटलं, गेलेली पाळी फिरून आली असन, बाईच्या जातीचं काय सांगता येते.

ती हे लपवत का होती, हे प्रेमिलाला विचारावं लागलं नाही. विटाळशीनं बाळंतिणीला हात लावायचा नाही, हा नियम बस्तीत याच बाईनं कडक पाळायला लावला होता. डाग कोणाला दिसला असता तर त्याच दिवशी तिचं काम बंद झालं असतं, तेही तिच्याच नियमानं.

प्रेमिला उठून बसली, घोंगडी बाजूला टाकली आणि म्हणाली, "दवाखान्यात जा. तोवर मी तुमच्या हातचा शेक घेत नाही. आन् नाही गेल्या तं बाईले सांगतो." बाई म्हणजे सासू.

बाळंतीण स्वतः बाहेर पडू शकत नव्हती. तेव्हा तिनं खिडकीतून मला हाक मारली. "भाऊ, मावशीले मोठ्या दवाखान्यात घेऊन जा. काय झालं ते विचारू नका."

"मग डॉक्टरला काय सांगू?"

"तुम्ही काही सांगू नका. तुम्ही बाहेर बसा."

हे काम मला जमण्यासारखं होतं. बायकांच्या विभागाबाहेरच्या बाकावर मी दोनदा बसलो. पहिल्या वेळी आतून काहीतरी तुकडा तपासायला काढला आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. भागीरथाबाई त्या दिवशी बाहेर आली ती रागानं लाल. "कोठं कोठं पाह्यते वं माय! लाजच नाई." दुसऱ्या वेळी मात्र ती हसत बाहेर आली. मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. दात मोजता आले असते.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"शेक सांगतला."

"काय?"

"शेक! पिशवीच्या तोंडाले खराबी हाय म्हणे. दीड महिना शेक घ्या लागते म्हणे, रोज. मी म्हटलं, बाई, तुमी शेक मानता? तं म्हणे, मानता म्हणजे? यावर शेकच उपाय हाय."

"आणखी काय म्हणाली?"

"सोबत कोण हाय, विचारे. मी म्हटलं भाडेकरू. तं म्हणे, घरचं माणूस घेऊन या, त्याले समजावून सांगतो. मी म्हटलं, शेक कसा घ्याचा ते मले कोण समजावन? लोकायची रांग लागली होती मागे. मी उठून आलो."

रिक्षात ती सारखी पदर सावरत होती. बोळाच्या तोंडाशी रिक्षा सोडून उरलेली वाट पायी आली, म्हणजे दारादारात थांबता यावं. "दवाखान्यानं शेक सांगतला. येवढ्या मोठ्या दवाखान्यानं. सांगजा त्या थेंबवाल्या सिस्टरले." बस्तीला ही बातमी पटली. मलाही पटली. मी विजेच्या खात्यातला माणूस, मला बायकांच्या दुखण्यातलं काय कळणार?

आता अडचण एकच. आपला शेक आपल्याला देता येत नाही. निजलेल्या माणसाला खालचे निखारे दिसत नाहीत. प्रेमिलाचा सव्वा महिना तेव्हा संपत आला होता. तिनं पदर खोचला. अशा रीतीनं कालची बाळंतीण शेकवाली झाली आणि जन्मभराची शेकवाली आयुष्यात पहिल्यांदा बाजेवर निजली.

त्या सकाळी मी खोलीत दाढी करत होतो. मधलं दार लोटलेलं, पण धूर आणि आवाज दोन्ही माझ्याकडे येत होते.

"हे काय टाकलं? ओवा येवढा? लग्नाच्या अक्षता हायेत काय?"

"मावशी, तुम्ही निजा ना गप."

"गप शेक बाधते. बोल काही."

"काय बोलू?"

"सासूले शिव्या दे."

"सासू दारात उभी हाय."

"मंग नत्थूले दे. तो कोणाचाच नाही."

तुळसाबाई दारातून म्हणाली, "काय झालं वं भागीरथा, पोट्टा का पोट्टी?"

"पोट्टा झाला. बापासारखा निंगाला. झाल्याबरोबर रायपूरले गेला."

बायांचं हसणं बराच वेळ चाललं. त्या दिवसापासून बस्तीत तो रिवाजच पडला. येणारी जाणारी दारात उभी राहून विचारायची, बाळंतीण कशी आहे. तुळसाबाईनं डिंकाचे लाडू केले. कोणी अळिवाची खीर आणली. थट्टाच होती ती, पण लाडवांत तूप खरं होतं. भागीरथाबाई खाटेवर उठून बसायची, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, कानात कापूस, आणि लाडू असा हळू खायची की मी मान वळवून घ्यायचो.

पहिले काही दिवस तिला खरंच बरं वाटलं. कंबर उबेनं सैल पडत असावी. मग फाल्गुन गेला, चैत लागला. नागपूरचा चैत. कावळेसुद्धा दुपारी बोलत नाहीत. त्या उन्हात खाटेखाली निखारे ठेवून घोंगडीत निजणारी ही एकच बाई साऱ्या शहरात असेल. माझी खोली भट्टी झाली. मी एकदा म्हणालो, "मावशी, मी आता इथून भरताचं वांगं होऊन निघेन."

"होऊन जा," ती म्हणाली. "खाईन कोण पण? नुसतं देठ हाय."

असं धड बोलणं मग बरेच दिवस ऐकू आलं नाही. त्यानंतर ती थट्टेला उत्तर द्यायला थकू लागली. अंग उतरलं. खोलीत ओव्याच्या वासाखाली दुसरा एक वास राहू लागला. प्रेमिला शेक झाल्यावर विचारायची, "लागला का, मावशी?" आणि ती म्हणायची, "लागून राहिला. जुनं दुखणं हाय. वेळ घेईन."

दवाखान्यानं सांगितलेला शेक होता. तो चुकीचा कसा असेल?

एप्रिलमध्ये माझ्याकडे नवा विभाग आला. त्यात त्याच मोठ्या दवाखान्याच्या आवारातली कर्मचाऱ्यांची क्वार्टरं होती. दुपारची वाचनं संपवून ऊन टाळायला मी दवाखान्याच्या मागच्या इमारतीतून आडवा निघालो. लांब, थंड व्हरांडा. दोन्ही भिंतींना लागून माणसं बसलेली. तेवढ्यात एक शिपाई दारात आला आणि ओरडला, "शेकवाले! शेकवाले या बाजूले बसा!"

मी थांबलो. नाकानं आपोआप वास घेतला. ओवा नव्हता. फिनाईल होतं. धूर नव्हता. बाकावर एक म्हातारा बसला होता, शेजारी त्याची बायको. तिच्या गळ्यावर जांभळ्या शाईनं चौकोन आखलेला, घर बांधण्याआधी जमिनीवर आखतात तसा.

"बाबा, इथं शेगडी कुठं आहे?" मी विचारलं.

म्हाताऱ्यानं मला वरून खाली पाहिलं. नाव रुपराव, आमच्या रामटेककडचाच निघाला. "शेगडी? बिजलीचा शेक हाय गा हा. मोठी मशीन हाय अंदर. खाली निजवते, वरून बिजली सोडते. दिसत नाही, लागत नाही. रोज या लागते."

"कशावर देतात?"

त्यानं बायकोकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "कॅन्सरवर. दुसरं कशावर?"

शिपायानं म्हातारीचं नाव पुकारलं. ती उठली, रुपराव तिच्यामागे दारापर्यंत गेला आणि दार बंद झालं. मी त्या व्हरांड्यात उभा होतो, हातात वाचनांचं पुस्तक. सगळ्या शहराच्या घरोघरी जाऊन किती बिजली लागली हे मी लिहून घेत होतो आणि माझ्याच घरात कोणाला कोणती लागायला हवी होती, हे मला शिपायानं ओरडून सांगितलं.

घरी आलो तेव्हा शेक नुकताच झाला होता. प्रेमिला राख भरत होती. मी आधी तिला बाहेर बोलावून सांगितलं. तिच्या हातातलं राखेचं टोपलं तिनं खाली ठेवलं नाही, तसंच धरून राहिली. "मी शेकत होतो ना तिले," ती म्हणाली. "रोज. मन लावून." मग म्हणाली, "तुम्ही सांगा. माह्यानं होत नाही."

मी आत गेलो. भागीरथाबाई भिंतीला टेकली होती. मी गोलगोल सुरुवात केली. शेक दोन प्रकारचे असतात म्हणालो. एक आपला, एक दवाखान्याचा. दवाखान्याचा मशीनवर असतो. बिजलीचा.

"मंग?"

"डॉक्टरीणबाईनं तो सांगितला होता."

मला वाटलं चिडेल, शिव्या देईल. मी त्याची तयारी करून आलो होतो.

"म्हणजे ते आपला शेक मानतच नाही," ती म्हणाली.

दुखण्याचं नाव तिनं विचारलं नाही. ते तिला माहीत नव्हतं असंही नाही. शेजारच्या बोळातली एक बाई अशाच वासानं गेली होती. पण त्या घडीला तिचं जे मोडलं ते वेगळंच होतं. "साऱ्या बस्तीले सांगून आलो मी," ती पुटपुटली. "त्या सिस्टरले बी निरोप धाडला." आणि तिनं भिंतीकडे कूस केली. "नाही येत मी. आता काय तोंड घेऊन जाऊ? म्हणतीन, शेकवाली स्वतःच शेक चुकली."

दोन दिवस ती उठली नाही. मी समजावलं, तुळसाबाईनं समजावलं. तुळसाबाईची समजावण्याची रीत म्हणजे "मरशीन वं, मर" अशी. शेवटी प्रेमिला लेकराला घेऊन आली. तिनं ते भागीरथाबाईच्या पोटाशी निजवलं आणि समोर बसली.

"मावशी, मले एक सांगा. आठव्या दिवशी माहा शेक लागला नव्हता. तुम्ही काय केलं?"

"कोळसे वाढवले."

"मग आता बी तेच समजा. हा शेक लागला नाही. दवाखान्याचे कोळसे मोठे हायेत, तिकडे जाऊ."

भागीरथाबाई लेकराच्या पायाला हात लावून पडून राहिली. मग मला म्हणाली, "ए मीटर. बिजली तुह्याच खात्याची हाय ना? तूच काहून नाही देत घरी? भाड्यातून कापून घेजो."

मी रिक्षा आणायला धावलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. डोळ्यांखाली काळं. सकाळपासून किती बाया तपासल्या असतील कोण जाणे. या वेळी मी घरचं माणूस म्हणून आत होतो, पडद्याच्या अलीकडे.

"अहो, तुम्हाला फाल्गुनातच सांगितलं होतं ना, शेक घ्या म्हणून? का नाही घेतलात?"

"घेतला ना," भागीरथाबाई म्हणाली.

"कुठे?"

"घरी. बाजेवर."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्या हसल्या नाहीत. दोन्ही हातांनी कपाळ धरून क्षणभर तशाच बसल्या. "मी रोज हाच शब्द वापरते," त्या हळूच म्हणाल्या. "दिवसभर." मग उठून स्वतः पडद्याआड गेल्या, तपासलं. बाहेर येऊन हात धुताना त्यांनी मला सगळं सांगितलं आणि भागीरथाबाईलाही, तिच्यासमोरच. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे. तेव्हा लहान होता, आता पसरू लागला आहे. अजून हाताबाहेर गेलेला नाही. शेक लागेल असं वाटतं, पण वचन देता येत नाही.

"हे मले काहून झालं?" भागीरथाबाईनं विचारलं. "मले तं लेकरू बी नाही झालं. पिशवी नवीच्या नवी हाय."

"लग्न लहानपणी झालं होतं?"

"झालं होतं."

"मालक?"

"ट्रकवर. दुनियाभर."

डॉक्टरीणबाई शब्द शोधत होत्या. "बाहेरदेशी आता असं म्हणू लागलेत की हा मुळात एक संसर्ग असतो. पुरुषाकडून येतो. त्याला स्वतःला बहुतेक काही होत नाही, कळतही नाही. बाईच्या अंगात वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो आणि मग कधीतरी असा उठतो. अजून नक्की ठरलेलं नाही. पण तुमचा यात काही दोष नाही, एवढं नक्की."

भागीरथाबाईनं हे पूर्ण ऐकून घेतलं. "तीस वर्सं गप बसला?"

"बसू शकतो."

"मंग नत्थूचा नसन," ती म्हणाली. "तो दोन घडी गप नाही बसे." आणि पदरानं तोंड पुसत, "चांदीची पोत बी नाही देली त्यानं मले कवा. देलं तं हे."

शेक सुरू झाला. सकाळी मी कामावर जाताना सायकलवर पुढं जायचो, ती आणि प्रेमिला रिक्षानं यायच्या, लेकरू तुळसाबाईकडे. ओटीपोटावर जांभळ्या रेघा आखल्या, त्या धुवायच्या नाहीत, तेल लावायचं नाही. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या पोटांवर तेल चोळलं तिला तेल बंद. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर तिचं मत असं पडलं:

"हा कायचा शेक? गरमच नाही लागत. आन् शेक देणारी बाई बटन दाबाच्या आधी बाहेर पळते. दार लावून घेते. बाळंतिणीले असं एकटं टाकत असतात काय?"

"तिला रोज तिथंच काम करायचं असतं, तिला ती बिजली बाधेल," मी म्हटलं.

"मले बी रोज धुरातच काम होतं. मी पळालो काय कवा?"

प्रेमिलानं दुसऱ्या दिवसापासून एक केलं. दार बंद झालं की ती दाराला तोंड लावून मोठ्यानं बोलायला लागायची. विषय सासूच, कारण सासू तांडापेठेत होती. "मावशी! बाईनं आज डाळीत मीठच टाकलं नाही! वरून मलेच म्हणते, तुही जीभ खराब हाय!" शिपाई धावत आला. मशीनवाली बाई बाहेर आली. प्रेमिलानं दोघांनाही सांगितलं, गप शेक बाधते. त्यांनी आधी दटावलं, मग सोडून दिलं. आतपर्यंत आवाज जात होता की नाही, देव जाणे. दार जाड होतं. पण काही दिवसांनी मी पाहिलं, रुपरावही दाराशी उभा राहून आपल्या बायकोला मोठ्यानं सांगत होता की गाय व्यायली आणि धानाचं पऱ्हं टाकायला बियाणं काढून ठेवलं आहे.

शेवटी आतला शेक असतो. पिशवीच्या तोंडाशी औषध ठेवून बाईला वेगळ्या खोलीत निजवतात. हलायचं नाही, उठायचं नाही, भेटायला कोणी जायचं नाही. त्या वेळी दाराशीही जाऊ देईनात. भागीरथाबाई बाहेर आली तेव्हा पार चिपाड झाली होती. मी विचारलं, कसं होतं?

"बाळंतिणीची खोली होती," ती म्हणाली. "फक्त लेकरू नव्हतं."

या गोष्टीला आता दीड वर्षाच्या वर झालं. रक्त थांबलं. वास गेला. भागीरथाबाईची कंबर मात्र पुन्हा सरळ झाली नाही. शेगडीपाशी उकिडवं बसवत नाही, पोट वरचेवर बिघडतं, चार पावलं चालली की ओट्यावर टेकते. शेकाचं काम तिनं सोडलं. बाळंतिणीच्या घरी तिला बोलावतात, ती खुर्चीवर बसून दुसऱ्या कोणाला निखारे कुठे सारायचे ते सांगते आणि त्या दुसऱ्या बाईच्या सासूला शिव्या घालते. बस्तीत आता दोन शब्द झालेत, साधा शेक आणि बिजलीचा शेक. अंगावरून जातं अशा दोन-तीन बाया गुपचूप तिच्याकडे येऊन गेल्या. ती त्यांना विचारते, "डॉक्टरनं शेक म्हटलं तं कोणता, ते विचारून आली का?" आणि हे सांगताना मान खाली घालत नाही. थेंबवाल्या सिस्टरलाच म्हणे तिनं एकदा सांगितलं, "तू शिव्या देत होतीस ते वेगळं. पण शेक म्हणजे काय हे तू बी नाही सांगतलं कोणाले."

दर तीन महिन्यांनी दवाखान्यात तपासणी असते. दर वेळी डॉक्टरीणबाई म्हणतात, "सध्या ठीक आहे." भागीरथाबाईला 'सध्या' हा शब्द आवडत नाही. "लागला का नाई लागला, एक सांगा ना," असं ती पहिल्याच वेळी म्हणाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पाच वर्षं गेल्यावर सांगेन." त्यांनी हे थट्टेत म्हटलं नव्हतं. तळवा ठेवून त्याच सकाळी निकाल देणारी बाई पाच वर्षं ऐकून व्हरांड्यातच बसली होती.

उद्या पुन्हा जायचं आहे. आज संध्याकाळी मी ड्यूटीवरून आलो तेव्हा ती बाजेवर पडली होती. शेगडी नव्हती, नुसती बाज. प्रेमिला शेजारी मेथी निवडत होती, तिचा पोरगा काड्या पळवत होता.

"ए मीटर," ती म्हणाली, "आपलाच हात आपल्या पोटावर ठेवला तं काहीच सांगत नाही गा. दुसऱ्याच्या पोटावर कसा बोले! आपल्यावर मुका होते."

मग ती प्रेमिलाकडे वळली. "तू ठेव वं हात. येवढे दिवस शेकलं मले, येत असन तुले थोडंबहुत."

प्रेमिलानं हात पदराला पुसला आणि तिच्या ओटीपोटावर ठेवला. डोळे मिटले, अगदी मावशीसारखे. पोराच्या तोंडातली मेथीची काडी काढायला कोणी उठलं नाही.

"काय म्हणते?"

प्रेमिलानं डोळे उघडले. खोटं बोलणं तिला जमत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. "काही समजत नाही, मावशी."

"नाही समजत तं नाही," भागीरथाबाई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. "पण काढू नको, राहू दे तसाच. गरम हाय तुहा हात."